मेडशीहून आणलेले पंचेचाळीस रुपये

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. लेकीजवळ नाही, शेजारणीजवळ नाही. देवापुढे हात जोडले तरी तिथेही दुसरंच काहीतरी पुटपुटत राहायची. तुम्ही आपले वाटता म्हणून आज तोंड उघडते आहे. मध्येच अडखळले तर अडखळू द्या. या एका गोष्टीबद्दल खरं बोलायची मला सवयच नाही.

आमचं घर रिसोडला. आमचे हे — नाव घ्यायची रीत नाही, म्हणून 'हे'च म्हणते — शिवणकाम करतात. ओसरीवर हाताने फिरवायचं मशीन, सासऱ्यांनी घेतलेलं. बंड्या, पोरींचे परकर, पोलकी, येईल ते शिवायचं. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच बाजाराच्या दिवशी यांनी सगळी कमाई माझ्या ओंजळीत ओतली.

"घे, सरू. घर तुले चालवायचं हाये, मंग पैसा माह्यापाशी कायले पायजे?"

त्या काळी असं कोण करत होतं, सांगा बरं? यांचे भाऊ हसायचे. आळीतल्या बाया माझ्याकडे बघून डोळे मिचकावायच्या. मला मात्र त्या ओंजळीचं इतकं अप्रूप वाटलं, की नाणी खाली ठेवायचंही सुचलं नाही. तशीच उभी राहिले.

मग दर बाजाराला आम्ही दोघं दुपारी ओसरीवर बसायचो. कापडाचा एखादा तुकडा पसरायचा आणि त्यावर चिल्लरीच्या ढिगल्या मांडायच्या. एक ज्वारीची, एक तेल-मिठाची, एक सूत-सुयांची. आणि एक कापडवाल्या शेठजीची. नणंदेच्या लग्नात त्यांच्या दुकानातून एकशेतीस रुपयांचं कापड उधारीवर आलं होतं, ते फेडायचं होतं. किती फिटले, किती राहिले, ते हे शिवणाच्या खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायचे. कधी कमी पडलं तर मला विचारायचे, "गूळ कमी करू का वं?" मी गप्प राहिले की स्वतःची तंबाखू बंद करायचे. आवाज चढवला नाही कधी. असा माणूस मला मिळाला — आणि मी काय केलं?

तुम्हाला वाटेल, मी उधळी असेन. तसं नाही. उलट काटकसरीची बाई म्हणून माझं नाव होतं. सासूबाई चारचौघीत सांगायच्या, "आमची सरू एका पैशात दोन पैशाचं भागवते." खरंच भागवायची. आणि त्यातून जे उरायचं, ते सांगायची नाही.

लाल मिरचीच्या मडक्यात, तळाशी, माझी एक पत्र्याची डबी होती. मिरचीचा यांना फार ठसका लागतो, त्यामुळे त्या मडक्यात यांचा हात कधी जाणार नाही हे मला ठाऊक होतं. तेल-मिठाच्या ढिगलीतून दर बाजाराला आणा, दोन आणे काढायचे आणि डबीत टाकायचे. पुढे नाण्यांचे रुपये करून घ्यायचे. कशासाठी? माझा बाप गेला तेव्हा आईजवळ फुटकी कवडी नव्हती. मीठ हवं तरी दिरापुढे पदर पसरून उभं राहावं लागायचं. ते मी लहानपणी पाहिलं होतं. पण यांनी मला काय तसं ठेवलं होतं? सगळा पैसा तर माझ्याच हाती होता. मी माझ्याच घरातून चोरत होते. आईचं नाव त्यात घालणं बरोबर नाही.

आठ वर्षं झाली. शेठजीचे चाळीस रुपये राहिले. आणि त्याच वर्षी कापसाचे भाव असे पडले, की लोकांच्या अंगावर नवं कापड दिसेना. शेठजीलाही वरून तगादा असावा. तो एका सकाळी स्वतः ओसरीवर आला.

"एक महिना देतो. चाळीस एकदम आणून द्या, नाहीतर मशीन ठेवून घेतो. पैसे द्याल तेव्हा सोडवून न्या."

हे महिनाभर हिंडले. भावांकडे गेले, जुन्या गिऱ्हाइकांकडे गेले. कुणाकडेच नव्हते. शेवटच्या दिवशी घरात आले, चुलीजवळ उकिडवे बसले आणि संकोचत, जमिनीकडे बघत म्हणाले, "सरू, तुयापाशी काही हाये का वं?"

चाळीस हवे होते. डबीत एक्केचाळीस होते. मी आदल्याच दिवशी मोजले होते.

मी म्हटलं, "माह्यापाशी कुठून येतीन?"

झालं. सांगितलं एकदाचं. माझा हात पिठात होता, तो थांबलासुद्धा नाही. आणि यांनी काय केलं, ठाऊक आहे? यांनी माझीच माफी मागितली.

"तुले काहून इचारलं म्या! तुयापाशी असतं, तं तू मागायच्या आंधीच देल्लं असतं."

मग उठले, मशीन डोक्यावर घेतलं आणि निघाले. मी दारात उभी होते. हाक मारायला किती वेळ लागतो? गल्ली संपेपर्यंत वेळ होता. मला वाटत होतं, आत्ता हाक मारीन, आत्ता मारीन — आणि हे वळणावरून दिसेनासे झाले.

त्यानंतर चौदा महिने हे हाताने शिवत बसले. मशीनवर काम देणारी माणसं दुसऱ्याकडे गेली. यांच्याकडे राहिल्या गोधड्या, फाटकी पोती, जुन्याला ठिगळ. उन्हात बसून एकेक टाका घालायचे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग सुईच ओवता येईना. वय तरी काय होतं यांचं? बत्तीस. रोज सकाळी मी सात सुया ओवून द्यायची आणि हे त्या टोपीला टोचून बसायचे. म्हणायचे, "तू हाये म्हणून चालून राह्यलं." आणि मिरचीचं मडकं माझ्या पाठीमागे, चार हातांवर.

का नाही काढून दिले? पहिल्या दिवशी हात रिकामा होईल याची भीती होती. दुसऱ्या दिवसापासून यांची भीती वाटायला लागली. रागाची नाही हो, हे रागावले नसते. एवढे दिवस होते आणि ही गप्प बसली, हे यांना कळेल, याची. प्रत्येक दिवस गेला तसं ते आणखी अवघड होत गेलं. आणि याहून वाईट ते ऐका. त्या चौदा महिन्यांतही मी डबीत टाकत राहिले. एक्केचाळीसचे पंचेचाळीस झाले.

शेवटी माझी मीच घाबरले. एका सकाळी मी सुई ओवत असताना यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "तू समोर बसली हाये ना? मले नुसतं धुकं दिसते." त्याच आठवड्यात मी मेडशीला, माहेरी गेले. डबीतले पैसे लुगड्याच्या ओटीत बांधून नेले आणि तसेच परत आणले. घरी आल्यावर यांच्यापुढे ठेवून म्हटलं, "दादानं देल्ले."

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ. एवढीशी वांग्या-मिरचीची वाडी आणि सहा तोंडं. त्याच्याकडे पंचेचाळीस रुपये कुठले? पण यांनी ते विचारलं नाही. त्या पैशांकडे बघत राहिले, आणि मग पंच्याने तोंड झाकून रडले. दोन दिवसांत मशीन परत ओसरीवर आलं. शेठजीने व्याजासकट पुरे पंचेचाळीस मोजून घेतले.

मला वाटलं, सुटले. तर हे म्हणाले, "आता मेडशीले जाऊ. तुया दादाच्या पाया पडतो."

किती कारणं सांगितली मी! ऐकेनात. दादाला आधी गाठून चार शब्द सांगावेत, तर तीही सोय नव्हती. बैलगाडीने गेलो. दादा वाफ्यात पाणी देत होता, ढोपरापर्यंत चिखल. जावई आला म्हणून हात पुसत पुढे आला, आणि हे वाकले ते थेट त्याच्या चिखलाच्या पायांवर डोकं ठेवलं. जावई साळ्याच्या पाया पडतो, असं कुणी पाहिलंय कधी?

"अवो, हे काय करून राह्यले!" दादा मागे सरकला.

"असे पंचेचाळीस रुपये या टायमाले कोन देते, दादा? तुमी माहा संसार उभा केला."

वहिनी दारातून बाहेर आली. "कोनते पंचे—"

"तू पानी आण आंधी," दादा म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तेवढ्यात त्याला काय कळलं, किती कळलं, कोण जाणे. पण त्याने यांना दोन्ही हातांनी उठवलं आणि म्हणाला, "तिचंच होतं, तिच्या घरी गेलं. माहं त्यात काय हाये?"

एक शब्द खोटा बोलला नाही माझा भाऊ. आणि मला झाकून घेतलं.

पुढे हे ते पैसे फेडायला निघाले, तर दादाने हात लावला नाही. मग हे दर दिवाळीला दादाच्या घरातल्या सगळ्यांचे कपडे शिवून पाठवू लागले. मशीनची सुई मी ओवून द्यायची, बाकी यांच्या हाताला सवय होती. दर बाजाराच्या हिशेबात नेहमी एक ढिगली मेडशीची. दादाची विहीर आटली त्या वर्षी यांनी तीस रुपये नेऊन दिले, मागितले नसताना. एकदा मी माहेरी असताना दादा नवी बंडी घालून बसला होता. हळूच म्हणाला, "सरू, हे कपडे आंगाले टोचतेत वं."

"सांगून टाकू का यायले?"

"ते तुयं तू पाह्य. माह्या तोंडून निंघनार नाही."

मी पाहिलं नाही. वीस वर्षं होत आली.

यंदा चैत्रात दादा गेला. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. हे भावांच्या मरणात रडले नाहीत एवढे रडले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या मानसानं मले उभं केलं. नाहीतर मी आज पोते शिवत राह्यलो असतो." वहिनी माझ्या शेजारी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सहा तोंडांच्या घरात पंचेचाळीस रुपये कधी आले नव्हते, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? तिने पदर पुढे ओढला आणि माझा हात हातात घेऊन रडत राहिली. मी तोंड उघडलं नाही.

परत येताना गाडीत हे म्हणाले, "असा भाऊ भेटाले नशीब लागते, सरू."

मी म्हटलं, "हो."

तेवढं मी खरं बोलले.