छापावरचा अंगठा

दुकान काकांचं, असं सगळे म्हणत. पाटीवरही त्यांचंच आडनाव होतं. पण जुन्या विलायती चांदीचं काम तिथं काका-काकू दोघं मिळून करत, आणि त्यातलं अर्धं काम गिऱ्हाइकांना कधी दिसलंच नाही, कारण ते मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर चालायचं. कुणी चमचा आणो, साखरदाणी आणो, वस्तू आधी काकूंकडे जायची. काकू ती उलटी करत, मऊ फडक्यानं तळ पुसत, त्यावर तोंडाची वाफ सोडत आणि तिथं ठोकलेल्या बारीक छापावरून हळूच अंगठा फिरवत. वाफ उडून जायच्या आत त्या मोठ्यानं वाचत, "सिंह आहे. अक्षर जी. ढाल खाली टोकदार." आणि पुढच्या खोलीतून काका साल सांगत.

सिंह असला की चांदी अस्सल स्टर्लिंग, म्हणजे शेकडा साडेब्याण्णव शुद्ध. शेजारी ती ज्या गावात तपासली त्या गावाची खूण, घडवणाऱ्याची आद्याक्षरं आणि सालाचं एक अक्षर. सगळी गोम त्या अक्षरात. दरसाल एक अक्षर पुढं सरकतं, अक्षरं संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे तेच जी वीस-बावीस वर्षांनी परत येतं, आणि त्यानंतर परत. फरक असतो तो अक्षराच्या वळणात आणि त्याच्याभोवतीच्या इवल्याशा ढालीत. टोकदार ढालीला गोल म्हटलं की एका झटक्यात वस्तू पिढीभर तरुण किंवा म्हातारी होते. काकांना हे सगळे फेरे तोंडपाठ होते. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र दरवर्षी काकूंनाच सांगावी लागे, आणि त्यावर काकूंचा टोमणा ठरलेला असे, "माझ्या पाठीवर छाप मारून घ्यायला हवा होता, म्हणजे राहिली असती लक्षात."

काकूंचं विसरणं सुरू झालं तेव्हा काकांनी आधी ते हसण्यावारी नेलं. चष्मा, किल्ल्या, चुलीवरचं दूध, हे कोण विसरत नाही? मग काकू एकदा चार घरं सोडून असलेल्या बेकरीत गेल्या आणि परत यायचा रस्ता चुकल्या. बेकरीवाल्यानं हाताला धरून आणून सोडलं. त्यानंतर काकांच्या तोंडचं पाणी पळालं. लेक दुसऱ्या गावात नोकरी करायची. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, अशा माणसांसाठी संस्था असतात. चांगल्या असतात. तुमच्यानं हे व्हायचं नाही." काकांनी फोन ठेवला आणि तिला मनातल्या मनात नको ते बोलले. बोलून झाल्यावर वाईटही वाटलं, कारण ती खरं बोलत होती.

एक गोष्ट मात्र काकू विसरल्या नव्हत्या. सकाळी टेबलाशी बसवलं की त्या वस्तू उलटी करत, पुसत, वाफ सोडत. तेवढा वेळ त्या कुठं जात नसत, रडत नसत, "मला घरी जायचंय" म्हणत नसत. पंचाईत ही की त्या थांबतही नसत. वाचून झालेला छाप त्या पुन्हा घासत, पुन्हा वाचत, परत घासत. चांदी मऊ असते. वर्षानुवर्षांच्या पुसण्यानं जे झिजतं ते काकूंच्या अंगठ्याखाली आठवड्याभरात झिजू लागलं. सिंहाचे पाय गेले, मग शेपूट गेली, अक्षरांच्या कडा बोथट झाल्या. छाप गेलेली जुनी चांदी म्हणजे नुसती चांदी, वितळवायच्या लायकीची. असंच चाललं तर वर्षभरात दुकान बसणार, हे काकांना कळत होतं. आणि घासणं बंद केलं तर काकू घरात टिकणार नाहीत, हेही कळत होतं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत.

त्यांनी करून बघितलं नाही असं नाही. कपाटाला कुलूप लावलं, तर काकू स्वेटरच्या बाहीनं स्वतःच्याच हाताची मागची बाजू घासत बसल्या. दुपारी काकांनी पाहिलं तेव्हा कातडी सोलवटून लाल झाली होती. मग त्यांनी बाजारातून मुलाम्याची भांडी आणली. काकूंनी पहिलंच भांडं उचललं, बोटानं चाचपलं आणि बाजूला सारलं. "ही खोटी आहे. कुणी दिली तुम्हाला?" ज्या बाईला कालचा वार सांगता येत नव्हता तिच्या हाताला मुलामा फसवू शकला नाही. शेवटी काकांनी छाप नसलेले मोडके चमचे पुढं ठेवले. काकू ते उलटसुलट करत राहिल्या, जास्तच घाईनं, आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हिचं वय कुठंय? वय नाही हिला!" काकांनी चमचे उचलले आणि कपाटाचं कुलूप काढलं. त्या दिवसापासून ते आपला चांगला माल आपल्या हातानं तिच्यापुढं ठेवू लागले.

या सगळ्यात काकांना एक गोष्ट आतून पोखरत होती, आणि ती ते कुणाला बोलले नाहीत. बायको त्यांना जन्मभर अहोजाहो करत आली होती. लग्नाच्या दिवसापासून "अहो" आणि "तुम्ही". आता मधूनच ती गिऱ्हाइकांकडे जशी बघायची तशी त्यांच्याकडे बघे आणि म्हणे, "तुम्ही बसा ना." तिला नवरा कळतोय की कुणी आगंतुक, हे तिच्या बोलण्यावरून ओळखायला वावच नव्हता. एखाद्या घरात बायको नवऱ्याला अरेतुरे करते, तिथं निदान पटकन कळलं असतं. काकांनी सरळ विचारावं, तर हिंमत होत नव्हती. विचारलं नाही तोवर उत्तर चांगलंच आहे, असं ते धरून चालत.

अशातच साखरदाणीचं प्रकरण झालं. जुन्या वस्तूंच्या दुकानवाल्या एक बाई नेहमी काकांकडून माल नेत. एका साखरदाणीवरचा छाप बराच पुसट झाला होता. काकूंनी वाफ सोडून वाचलं, "अक्षर के. ढाल टोकदार." काकांनी भिंगातून पाहिलं. त्यांना ढाल गोल दिसली. "हो हो," ते म्हणाले, लहान मुलाला म्हणतात तसं, आणि बाईंना अलीकडच्या फेऱ्यातलं साल सांगितलं. आठवड्यानं बाई साखरदाणी घेऊन परत आल्या.

"तुम्ही चुकलात, काका," त्या म्हणाल्या. "खाली घडवणाऱ्याची अक्षरं आहेत बघा. हा कारागीर तुम्ही सांगितलेल्या सालाच्या कितीतरी आधी वारला होता. मेलेला माणूस साखरदाणी कशी घडवेल?"

काका खजील व्हायच्या ऐवजी खुर्चीत ताठ होऊन बसले. ढाल टोकदारच होती. वस्तू आधीच्या फेऱ्यातली होती, आणि काकूंनी ते बरोबर वाचलं होतं. बाई गेल्यावर त्यांनी मागं जाऊन एक दूधपात्र दिलं. काकू बरोबर. मेणबत्तीदाणी दिली. बरोबर. एक घासून सपाट झालेला काटा दिला, ज्यात काकांना काहीच दिसत नव्हतं. काकूंच्या अंगठ्याला दिसलं, आणि काकांनी जुन्या वहीतल्या नोंदीशी ताडून पाहिलं तर त्या चुकल्या नव्हत्या. काकांना हर्ष झाला, असा की त्यांनी भर दुपारी लेकीला फोन लावला. "अगं, तिला सगळं कळतंय! आपणच मूर्ख, आपण तिचं ऐकत नव्हतो. तू ये आणि बघ. मग बोल काय बोलायचं ते."

लेक आली ती रविवारी. संस्थेत जागा झाली होती, आणि पुढच्या आठवड्यात सांगितलं नाही तर ती जागा हातची जाणार होती. हे ती दारातच बोलली. काका म्हणाले, "आधी बघ तरी." त्यांनी कपाटातून एक छोटा चांदीचा मग काढला. लेक लहान असताना त्यांनी हौसेनं शोधून घेतला होता, बरोबर तिच्या जन्मसालाच्या छापाचा. तिनं त्यातूनच दूध पिऊन तो दोनदा खिडकीतून खाली फेकला होता. एका बाजूला पोचा होता तो त्याचाच. इतक्या वर्षांच्या पुसण्यानं तळाचा छाप आता अगदी पातळ झाला होता.

काकांनी तो मग काकूंच्या हातात दिला. लेक दाराशी उभी राहिली. काकूंनी तो उलटा केला, पुसला, वाफ सोडली, अंगठा फिरवला. "सिंह. अक्षर ए. चौकोनात." काका बोलायच्या आत त्यांनी स्वतःच साल सांगितलं, आजवर कधी सांगितलं नव्हतं तसं, आणि चेहरा उजळला. "आमच्या लेकीचं साल आहे हे."

काकांनी विजयी मुद्रेनं लेकीकडे बघितलं. लेकीला हुंदका आवरेना. ती पुढं आली, आईच्या खुर्चीजवळ वाकली आणि म्हणाली, "आई, हो गं. मीच ती."

काकूंनी तो मग छातीशी धरला. लेकीकडे त्यांनी नीट, प्रेमळपणे बघितलं, आणि शेजारची खुर्ची दाखवत म्हणाल्या, "बसा ना तुम्ही. काही विकायला आणलंय का?"

आई लेकीला तुम्ही म्हणाली. आख्ख्या आयुष्यात, रागावली तेव्हाही, लेकीच्या लग्नात सगळ्यांसमोर उभी राहिली तेव्हाही, ती तिला कधी "तू"च्या पलीकडं बोलली नव्हती. लेक खुर्चीवर बसली. मग तिनं हातातलं चांदीचं कडं काढलं आणि पुढं केलं. "हे आणलंय," ती म्हणाली. "बघता का जरा?"

"बघते की." काकूंनी कडं घेतलं, आत वाफ सोडली, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "चांदी चांगली आहे. पण नवीन आहे हो, हिला अजून वय नाही." आणि कडं परत देताना त्यांनी लेकीच्या हातावर हात ठेवला, गिऱ्हाइकाची समजूत काढावी तसा.

काका सगळं बघत होते. ज्या शब्दावर त्यांनी इतके महिने मनाला समजावलं होतं, तोच शब्द लेकीच्या वाट्याला आला होता. आता धरून चालायला काही उरलं नव्हतं. ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

"आणि मी कोण?" त्यांनी विचारलं.

काकूंना प्रश्नच गमतीचा वाटला. त्यांनी लेकीकडे बघितलं, याला काय म्हणायचं अशा अर्थानं, आणि मग काकांकडे. "तुम्ही?" त्या म्हणाल्या. "तुम्ही साल सांगता."

"नाव काय माझं?"

काकूंचं हसू हळूहळू विरलं. त्या शोधू लागल्या, छाप नसलेल्या चमच्यावर शोधत होत्या तशाच घाईनं. हात मगावरून वेगात फिरू लागला. काकांना ते बघवेना. "असू दे, असू दे," ते म्हणाले. "साल सांगतो मी. बरोबर आहे."

काकूंचा हात मंदावला.

लेक नंतर पायरीवर त्यांच्याजवळ बसली. रडून तिचे डोळे सुजले होते. "बाबा," ती म्हणाली, "तिला आपण दोघंही नाही कळत. मग तिथं राहिली काय आणि इथं राहिली काय. तुम्ही तरी वाचाल. दुकान तरी वाचेल."

ती पोटतिडकीनं बोलत होती, आणि तिचं चुकत नव्हतं. काकांना तिची कीव आली, स्वतःची आली, मागच्या खोलीतल्या बाईची तर फार आली. "दुकान नाही वाचत आता," ते म्हणाले. "तिथं तिला चमचे देतीलही कुणी. पण ती वाचेल आणि पुढच्या खोलीतून कुणी काही बोलणार नाही. मग ती काय करेल?"

आतून काकूंचा आवाज आला, थोडा घाईचा, "सिंह आहे. अक्षर..." आणि त्या अडखळल्या. पुन्हा घासण्याचा आवाज. "अक्षर नाही दिसत, अहो. होतं आत्ता."

मगावरचा छाप गेला होता. काकांना न बघताच कळलं. ते पायरीवरून उठले, पुढच्या खोलीत आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले आणि लेकीचं जन्मसाल मोठ्यानं, स्पष्ट म्हणाले.

"हां," आतून काकू म्हणाल्या, आणि पुढची वस्तू उचलल्याचा आवाज आला.