सासऱ्यांची काडीपेटी

आमच्या सासऱ्यांनी आजवर एकाही माणसाचं तोंड आधी पाहिलेलं नाही. समोरून कुणी आलं की त्यांची नजर थेट सदऱ्यावर जाते, बाही चिमटीत धरून कापड चुरगाळून होतं आणि मगच ते विचारतात, "गाव कंचं?" लग्न ठरवायला केजहून आमच्या घरी वडवणीला आले तेव्हाही तसंच. नोकरी, शेत, घर यांबद्दल एक अक्षर न विचारता त्यांनी माझ्या नव्याकोऱ्या शर्टाची बाही चिमटीत धरली आणि सोबतच्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "पोरगं बरं हाय. शर्ट काई टिकायचा न्हाई." मला असा राग आला! पण शर्ट खरंच लग्नाआधी काखेत उसवला. मी टिकलो.

विडी नाही, तंबाखू नाही, तरी या माणसाच्या खिशात सदा काडीपेटी. कुठलंही कापड हाती आलं की कडेचा एक धागा ओढायचा, काडी लावायची आणि वास घ्यायचा. जळक्या कागदाचा वास येऊन भुरभुरीत राख झाली तर मान डोलवायची; धागा आक्रसून काळा टणक मणी झाला तर, "मेणबत्ती हाय ही, कापड न्हाई," म्हणून निकाल द्यायचा. केजच्या कापड दुकानांत त्यांना येताना पाहिलं की मालक स्वतः उठून चहा सांगतात. हेतू एवढाच, की हात कपबशीत गुंतावेत. एका लग्नात तर त्यांनी कहरच केला. आहेराचा टॉवेल खांद्यावर पडताच कडेचा धागा ओढून जाळला, मग तांब्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि भर मांडवात त्याच टॉवेलनं तोंड पुसायला घेतलं. पाणी कपाळावरून हनुवटीपर्यंत फिरून आलं, टॉवेल कोरडा. "पाणी पीत न्हाई, त्याला टावेल कावून म्हणायचं?" टॉवेल परत करत त्यांनी यजमानालाच विचारलं. मी मांडवाच्या खांबाआड गेलो. पुढच्याच महिन्यात तो टॉवेल दुसऱ्या एका लग्नातून आमच्याकडे परत आला. कडेचा धागा ओढलेला होता, म्हणून ओळखला.

पण त्यांचं खरं दुःख टॉवेलाचं नव्हतं, फडक्याचं होतं. त्यांच्या मते घराची बरकत तिजोरीत नसते, फडक्यांच्या गाठोड्यात असते. लुगडं विटलं की त्याची वाकळ, वाकळ विरली की पायपुसणं, आणि धोतर जीर्ण झालं की चुलीपासून कंदिलाच्या काचेपर्यंत सगळीकडे त्याचे तुकडे. "आताचं कापड म्हातारंच व्हत न्हाई पाव्हणं," ते मला म्हणायचे. "चार धुण्यांत गोळे येत्यात, वास मारतंय आन मरून जातंय. मेल्यावर फरशी पुसायच्या बी कामाचं न्हाई." मी हसून सोडून द्यायचो. फडक्यासाठी इतका जीव टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

मग आमची मुलगी झाली. बायको पहिल्या बाळंतपणाला केजला माहेरी होती. सासूबाई नव्हत्या, बायको शाळेत असतानाच त्या वारल्या होत्या. आठ दिवसांत बाळाच्या मांड्यांवर लाल चट्टे उठले. विकतच्या लंगोटांनी कातडी सोलवटली, लेकरू रडून रडून निळं पडायचं. डॉक्टर म्हणाले, "हे सगळं बंद. जुनं, मऊ, सुती कापड वापरा." सांगायला काय जातंय! जुनं सुती कापड आणायचं कुठून? कपाट उपसलं, शेजारपाजारी विचारलं. साड्या निघाल्या, गाऊन निघाले, चादरी निघाल्या. सासरे ओसरीवर बसून एकेक धागा जाळत होते आणि त्यांच्यापुढे काळ्या मण्यांचा सडा पडला होता. आत लेकरू रडतच होतं.

शेवटी ते उठले. पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि पांढरंशुभ्र धोतराचं पान काढलं. हात लावला तर लोण्यासारखं मऊ.

"मामा, हे तर कधी नेसलेलं दिसत नाही."

"न्हाईच नेसलो. माज्या जाण्यासाटी ठिवलंय. दर दिवाळीला धुतो, सावलीत वाळवतो, परत ठिवतो."

मी धोतरावरचा हात मागे घेतला. ते सांगू लागले. "तुमची सासू गेली तवा घाईत कुणीतरी दुकानातून हिरवं लुगडं आणलं. चमकीचं. जल्मभर सुती नेसलेली बाई ती. सरणावर ते जळलं न्हाई पाव्हणं, वितळून अंगाला चिकटलं. म्या बघितलं. सूत असतं तर राख झाली असती." मग म्हणाले, "तवापस्नं काडी लावून बघतो."

इतकी वर्षं ज्या काडीपेटीला आम्ही हसलो, ती ही.

त्यांनी धोतराचं टोक दातात धरून चीर दिली आणि दोन्ही हातांनी ओढलं. चर्रकन सरळ रेषेत फाटलं. नको, राहू द्या, असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. पण आतून रडणं ऐकू येत होतं, मी फाटलेला तुकडा घेऊन आत गेलो. बाळुती झाली, दुपटी झाली, कानटोपडंही निघालं. चार दिवसांत चट्टे विझले आणि लेकरू पोटभर झोपलं. "आता माज्या जाण्याचं कापड तुमीच बगा," एवढंच ते मला म्हणाले.

तेव्हापासून काडीपेटी माझ्या खिशात असते. दुकानदार आता मलाही चहा सांगतात. परवा चौसाळ्याला रस्त्याकडेच्या एका जुन्या दुकानात, अगदी खालच्या फळीवर, धोतराचं एक पान सापडलं. धागा ओढला, काडी लावली. जळक्या कागदाचा वास आला. फुंकर मारली तशी राख तळहातावरून उडून गेली. मी धोतराची घडी घातली, होतं तिथं ठेवलं, आणि दुकानदाराला "नको" म्हणून बाहेर पडलो.

संध्याकाळी केजला गेलो तर सासरे नातीला मांडीवर घेऊन बसलेले.

"घावलं का, पाव्हणं?"

"न्हाई मामा. सगळी मेणबत्ती."

"आसं व्हय," ते म्हणाले आणि नातीचं दुपटं चिमटीत धरून चोळत राहिले. "मग थांबावंच लागतंय की."