बीपीवाल्या बायका आणि शमीम सिस्टर

“बीपीवाल्या बायका, आत या!”

बाजाराच्या दिवशी आमच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात ही आरोळी उठली की बाकावरच्या निम्म्या बायका पदर सावरत उठायच्या. त्यातल्या एकीलाही बीपी नसायचं. कुणाला तांबी बसवून घ्यायची असायची, कुणाला काढायची, कुणाच्या अंगावरून जात असायचं. बाहेर पिशव्या सांभाळत बसलेल्या नवऱ्यांना वाटायचं, हल्ली बायकांना बीपी फारच झालंय. ही युक्ती शमीम सिस्टरांची.

सिस्टर भोरच्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, पायात पांढरे कापडी बूट. रोज एसटीने यायच्या. तपासणीचं यंत्र आधी कोमट पाण्यात धरून ठेवायच्या. “थंड लोखंड लावलं की बाई परत येत न्हाई,” म्हणायच्या.

मी गडाच्या पायथ्याच्या पालीची सून, अंगणवाडीत सेविका. पदरात चार वर्षांची मुलगी. दुसरं मूल मला हवंच होतं, पण जरा दमानं. म्हणून मीही एकदा घरी बीपीचं सांगून त्यांच्या टेबलावर जाऊन झोपले.

“तिशी झाली न्हवं? मग पिशवीचं तोंड बघितल्याबिगर तांबी न्हाई. पाय सैल सोड. गड चढताना दम सोडतीस, तसा सोड.”

कापसानं औषध लावून त्या थांबल्या. तेवढ्या वेळात मला पिठलं कसं करतेस म्हणून विचारलं. मी लसणापर्यंत आले आणि लक्षात आलं, बाईंचं ऐकण्याकडे लक्षच नाही.

“पांढरा डाग पडलाय,” त्या म्हणाल्या. “घाबरायचं काम न्हाई, पण उशीर करायचंबी काम न्हाई. पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवू. तांबीचं मग बघू.”

मी घाबरलेच. त्यांनी पुण्याच्या दवाखान्यासाठी दिलेली चिठ्ठी तांदळाच्या डब्यात लपवली आणि ती नेमकी संतोषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सापडली. ‘डाग’ एवढा एक शब्द पुरला. संध्याकाळपर्यंत घरच्यांचं ठरलंही होतं: पिशवीच काढून टाकायची. आमच्याकडे पोटात दुखलं तरी पिशवी काढतात, कंबर धरली तरी पिशवी काढतात. हायवेवरच्या एका दवाखान्यानं नुसती चिठ्ठी बघून सोमवारची तारीखही दिली. गावभर बायकांना सल्ले देत फिरणारी मी, स्वतःच्या वेळी तोंडाला कुलूप लावून बसले. त्याचा मला आजही राग येतो.

शनिवारी दुपारी, गड चढायला आलेल्या आणि आमच्याकडे जेवण सांगितलेल्या ट्रेकर पोरांची जीप दारात थांबली आणि त्यांच्या सॅकांमधून शमीम सिस्टर उतरल्या! मी पुण्याला जाण्यासाठी त्यांच्याकडे फिरकले नाही, म्हणून नसरापूरहून मिळेल त्या गाडीत बसून आल्या होत्या. पडवीत जेवायला बसलेली पोरं, संतोष, मामंजी, सगळ्यांदेखत त्यांनी थेट विषयालाच हात घातला.

“दादा, डाग म्हंजी कॅन्सर न्हवं. पुण्याला तपासू द्या. लई वेळा नुसता शेक देऊन डाग जाळला की भागतं. पोरीला अजून लेकरू पायजे, पिशवी कशाला काढताय?”

मामंजी तंबाखू मळत म्हणाले, “तुमी बीपीच्या बाई. तुमाला पिशवीतलं काय कळतंय?”

सिस्टरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून सासूबाईंचा आवाज आला. हाताला भाकरीचं पीठ तसंच.

“त्या बीपीच्या न्हाईत. संतोषच्या पाठीवर सा वर्सं मला दिवस गेलं न्हाईत, ते काय आपसूक? ह्यांनीच बसवलेली तांबी हुती.”

मामंजींचा अंगठा तळहातावरच थांबला. एका ट्रेकरनं घास हातात धरून ठेवला.

“सोमवारी सूनबाई पुण्यालाच जाईल,” सासूबाई म्हणाल्या. “म्या जाती संगं.” आणि भाकरी करपेल म्हणून आत गेल्या.

पुण्याला तुकडा तपासला. कॅन्सर नव्हता! सुरुवातीचा बदल होता. त्यावर शेक दिला, दर वर्षी तपासायला सांगितलं. सासूबाईंनी दवाखान्याबाहेर मला उसाचा रस पाजला आणि स्वतः दोन ग्लास प्यायल्या. पुढे तांबी सिस्टरांनीच बसवली, दोन वर्षांनी त्यांनीच काढली. आज धाकटी रांगते आहे आणि घरातलं एक भांडं जागेवर राहत नाही.

सिस्टर निवृत्त व्हायच्या आधीच्या शेवटच्या बाजाराला मी गेले होते. संतोष धाकटीला घेऊन बाहेर उभा होता. मी सिस्टरांना विचारलं, “त्या दिवशी तुम्ही मामंजींना सांगितलं का नाही? एका वाक्यात त्यांचं तोंड बंद झालं असतं.”

त्या चष्मा पुसत म्हणाल्या, “ते तुज्या सासूचं हुतं. म्या कसं सांगायचं?”

मग दारात जाऊन त्यांनी नेहमीची आरोळी दिली. “बीपीवाल्या बायका, आत या!”

मी उठले. रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, “सिस्टर, मला बीपी नाही. माझ्या पिशवीच्या तोंडाची वर्षाची तपासणी आहे.”

बाहेरच्या माना वळल्या.

मागून किकवीची एक बाई उठली. “मलाबी बीपी न्हाई,” ती म्हणाली. “मला तांबी बसवायचीय.”