गजांमधलं अंतर

चंदीगडच्या वेशीवर, झिरकपूरच्या कोंडीत टॅक्सी अडकली तेव्हाच मी पुतण्याला, शिरीषला, सांगून टाकलं, "रॉक गार्डन वगैरे नंतर. आधी इथल्या वनखात्यात ने."

तो मोहालीत नोकरीला आहे. म्हणाला, "काका, यार, इथंही बिबट्याच?"

बिबट्याच. जुन्नरकडे माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, स्वतःच्या हातांनी उभं केलेलं. हिवाळ्यात बिबट्यानं दारातला कुत्रा नेला. खात्याचा पिंजरा येईना, म्हणून मीच एक बांधून उसाकडेला लावला. तिसऱ्या दिवशी बिबट्या आत! खात्यानं तो नेला, पिंजरा जप्त केला आणि माझ्यावर गुन्हा घातला शिकारीचा. एक छरा उडवला नव्हता मी. 'आमच्या राज्यात पिंजरा लावला म्हणून शिकारीचा गुन्हा घालत नाहीत' एवढं कोणाकडून तरी लिहून घ्यायचं आणि तारखेला कोर्टात आपटायचं, असा बेत होता.

सकाळी सेक्टर २२मध्ये छोले-भटुरे खाल्ले, टॅक्सीवाल्याला निम्म्या भाड्यावर आणलं आणि पंचकुल्यापलीकडच्या टेकड्यांकडे निघालो. वाटेत कोरडे, रुंद चो (पावसाळी ओढे) लागले. पायथ्याशी वनखात्याची चौकी होती. तिथल्या मिशीवाल्या वनरक्षकानं चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं.

"ताऊ (थोरले काका), पिंजरे में पकड़ना भी शिकार ही है."

चंदीगड, पंजाब, हरियाणा. परवानगी देणारा साहेब प्रत्येकाचा वेगळा, कायदा मात्र एकच, असं त्यानं समजावलं.

माझं डोकं फिरलं. "मग तेंदुआ (बिबट्या) घरात येणार आणि आम्ही अर्ज लिहीत बसायचं?" हे मी हिंदीत ओरडलो.

"अर्ज़ी तो तेंदुए ने भी नहीं लिखी, ताऊ." शिरीष हसला. मी नाही.

चौकीमागे त्यांचा पिंजरा होता. "वेल्डिंग कच्चं आहे," मी सुनावलं. त्यानं मान्य केलं, मग विचारलं, "आपके सरिये (गज) कितनी दूर थे?"

"चार इंच."

"और उसके दाँत?"

त्यांचे गज जवळजवळ होते, आतून बारीक जाळी. अडकलेला बिबट्या गज चावतो, सुळे मोडतात, तो म्हणाला. सुळे मोडलेल्याला जंगलात सावज धरता येत नाही; तो पुन्हा गावातच येतो, कुत्र्यामागे, नाहीतर पोरामागे.

माझ्या पिंजऱ्यात तिसऱ्या गजाखाली एक पांढरा तुकडा पडला होता. आमिषाच्या बोकडाचं हाड समजून मी तो पायानं सारला होता.

घरी आलोय. नवा नकाशा काढलाय: गज दीड इंचावर, आतून जाळी. त्यांच्यापेक्षा चांगला बांधेन, पण आता लेखी हुकूम हातात आल्यावरच. तारखेला भांडणार आहेच. खात्याचा पिंजरा वेळेवर का आला नाही, हे विचारणारच. पण वकिलानं लिहिलेल्या जबाबात एक वाक्य होतं, 'आरोपीने प्राण्यास कोणतीही इजा केलेली नाही.' ते काल मीच खोडलं.