शून्यांची ओळ

अण्णाच्या आजाराची वही मी भरायचे. तो माझा थोरला भाऊ, वय बत्तीस. जवळ कुणी नसताना त्याला माणसांचे आवाज ऐकू यायचे, शेजारी आपल्यावर टपून आहेत असं वाटायचं. परभणीच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगून गोळ्या सुरू केल्या होत्या. गोळ्यांचा गुण किती येतोय हे कळावं म्हणून त्यांनी मला वहीत रकाने आखून दिले: आवाज, संशय, झोप, जेवण, माणसांत मिसळणं. दर रविवारी अण्णाला विचारायचं आणि आकडा टाकायचा. शून्य म्हणजे त्रास नाही, सहा म्हणजे फार त्रास.

"त्याला काय जाणवतं ते लिहा. तुम्हाला काय वाटतं ते नको," असं त्यांनी बजावलं होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेल्या आंदोलनात एसट्या कधी चालायच्या, कधी नाही, तरी सोनपेठहून महिन्याची खेप आम्ही चुकवली नाही.

पहिले चार महिने मी इमानानं लिहिलं. अण्णा डोळे मिटून, नीट विचार करून सांगायचा. "आवाज हायत गं, पण आता लांबून यायलेत. दोन गल्ल्या पलीकडून." मग आम्ही दोघं मिळून तीन आकडा ठरवायचो. सहावरून तीनवर आला याचा त्याला कोण आनंद!

पण गोळ्यांनी त्याचे हात कापायचे, तोंडातून लाळ गळायची. सकाळी पूजेला बसला की तळहातावर घेतलेलं इष्टलिंग थरथरताना दिसायचं. त्यातच गंगाखेडचे पाहुणे मला बघायला येणार असा निरोप आला.

"पाव्हण्यांपुढं ह्याचा हात असा कापायला लागला तर तुला कोण करून घेईल?" आई म्हणाली. आपलं ठेवावं झाकून, ही आमच्या घरची जुनी रीत. आईला दोष देऊन मी सुटत नाही. तिनं नुसती काळजी केली, डोकं मी चालवलं. डॉक्टर आकडे बघून गोळ्या ठरवतात, तेव्हा आकडे उतरले की गोळ्याही उतरतील, हा माझा हिशोब.

पुढचे चार रविवार मी अण्णाला न विचारताच आवाजापुढं शून्य टाकलं. वर त्याला पढवलं, "डॉक्टरनं विचारलं तर आवाज बंद झाले म्हण."

"बंद कुठं झालेत?"

"माझ्यासाठी म्हण की."

"तुझं चांगलं व्हायलंय ना? म्हणतो मग."

डॉक्टर खूश झाले. गोळ्या निम्म्यावर आल्या. हात थांबले. पाहुणे आले तेव्हा अण्णानं इस्त्रीचा सदरा घालून पानाचं ताट स्वतः फिरवलं. माझं लग्न ठरलं आणि त्या दिवशी मला जराही लाज वाटली नाही. आज त्याचीच जास्त वाटते.

तीन आठवड्यांत अण्णा बिघडला. आईनं भाकरीत विष कालवलं म्हणून ताट लोटू लागला, गोठ्याचं दार आतून लावून बसू लागला. कसंबसं समजावून मी आणि आईनं त्याला परभणीला नेलं.

डॉक्टरांनी वही उघडली. शून्यांच्या ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, "इतका बरा होता, मग एकदम असं कसं?"

खरं सांगायची तीच वेळ होती. मला कळत होतं. पण ही गोष्ट फुटत फुटत गंगाखेडला पोचली तर, एवढंच डोक्यात आलं आणि मी मान खाली घातली.

दोन दिवस अन्नाला न शिवलेला अण्णा खुर्चीत सरळ झाला. "तिला काय बी बोलू नका, सायेब. आवाज यायलते. म्याच न्हाई म्हणून सांगायलतो."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरची वही ओढून घेतली आणि मिटली. रुग्णाच्या सांगण्यावर विसंबू नये, असं डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं. माझ्यासमोर लिहिलं.

गोळ्या पुन्हा वाढल्या, अण्णा हळूहळू सावरला. माझं लग्नही ठरल्याप्रमाणं लागलं. माहेरी आले की मी त्याच्याबरोबर परभणीला जायचे. डॉक्टर विचारायचे, तो डोळे मिटून, आठवून खरं तेच सांगायचा. आणि त्याचं सांगून झालं की डॉक्टर खात्री करायला माझ्याकडं बघायचे.