सुट्टीची गाणी न लावलेला खेळ

थिएटरचा ऑपरेटर कोणालाच मत देत नसे. ‘कसा आहे सिनेमा?’ असं कोणी विचारलं तर ‘बघून घ्या’ म्हणायचा आणि जिना चढून केबिनमध्ये जायचा. तरी त्याचं मत सगळ्यांना कळायचं. खेळ संपून दिवे लागले की लोक बाहेर पडेपर्यंत पाच-सहा मिनिटं काहीतरी वाजवायची तिथली पद्धत होती. बहुतेक वेळा बासरी वाजायची. पण सिनेमा मनापासून आवडला असेल तर ऑपरेटर ‘सुट्टीची गाणी’ लावायचा.

ही एका बहीणभावाच्या जोडीने गायलेल्या पॉप गाण्यांची कॅसेट. नऊ गाणी, सगळी सुट्टीवर: बॅगेवर बसून ती बंद करण्याचं एक, चुकलेल्या बसचं एक, बुटात गेलेल्या वाळूचं एक, आणि शेवटचं शाळा उघडल्याचं, पण तेही ठेका धरायला लावणारं. ऑपरेटरने ती नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतली. वाजवून वाजवून दोन प्रती झिजल्या, आता तिसरी चालू होती.

आवडत्या सिनेमानंतर हीच लावायची असं त्याने कधी ठरवलं नव्हतं. नावडत्या सिनेमानंतर हात तिच्याकडे जात नसे, एवढंच. ही गोष्ट आधी डोअरकीपरच्या ध्यानात आली, त्याने ती समोरच्या सलूनवाल्याला सांगितली, आणि सलूनवाल्याला कळणं म्हणजे दवंडी पिटणंच. मग नव्या सिनेमाचा पहिला खेळ सुटायच्या वेळी लोक मुद्दाम रस्त्यावर रेंगाळू लागले. ‘सुट्टी लागली का?’ एवढंच विचारायचे आणि त्यावरून तिकीट काढायचं की घरी जायचं ते ठरवायचे. एकदा खुद्द मालकांनी आपल्या मेहुण्याच्या सिनेमाला ती लावायला सांगितली. ऑपरेटर ‘हो हो’ म्हणाला आणि बासरी लावली. सव्वीस वर्षं हे असं चाललं होतं.

ऑपरेटरची एकुलती एक मुलगी याच केबिनमध्ये स्टुलावर बसून अभ्यास करत मोठी झाली. पुढे चित्रकला शिकली आणि परगावी एका कार्टून स्टुडिओत लागली. तिथे चार वर्षं तिने एकाच सिनेमासाठी काम केलं. पात्रांच्या मागे जे दिसतं ते, म्हणजे जिने, भिंती, खिडक्या, तिने रंगवलं. सिनेमा एका जुन्या इमारतीतल्या बिऱ्हाडांचा होता आणि फक्त मोठ्यांसाठी होता.

‘मोठ्यांचं कार्टून?’ सलूनवाला म्हणाला. ‘म्हणजे काय, त्यात उंदीर दाढी करतो की काय?’

‘करत असेल तर तुमच्याकडेच येईल,’ डोअरकीपर म्हणाला. ‘तुमच्याकडे तसंही माणूस कुठे फिरकतो!’

सिनेमा थिएटरला लागला, मुलगी रजा काढून आली. पहिला खेळ दुपारी तीनचा. बायकोने सकाळीच विषय काढला.

‘आज सुट्टी लावायची बरं का.’

‘बघतो.’

‘बघतो काय? पोरीच्या सिनेमाला नाही लावणार तर कोणाच्या लावणार? सगळं गणगोत येणारे. माझी बहीण येतेय. तिच्यासमोर बासरी वाजली तर मी तोंड कुठे लपवू?’

ऑपरेटर डबा घेऊन निघाला. मात्र केबिनमध्ये गेल्यावर त्याने सिनेमा पाहायच्या आधीच सुट्टीची कॅसेट टेपमध्ये घालून ठेवली. असं त्याने आजवर कधी केलं नव्हतं.

सिनेमा सुरू झाला. पहिला जिना पडद्यावर आला तेव्हा तो उभा राहिला. पायऱ्यांच्या कडा चालून चालून गोल झालेल्या, कठड्याचा रंग हात लागून तेवढ्याच भागात उडालेला. तो त्याच्याच केबिनचा जिना होता. पुढची दहा मिनिटं त्याने चित्रांवरून नजर काढली नाही. मग पात्रं बोलायला लागली. जे चेहऱ्यावर दिसत होतं तेच तोंडाने सांगत होती, आणि सांगून झालं की पुन्हा सांगत होती. दर तिसऱ्या वाक्याला शिवी होती. शिव्या घातल्या की सिनेमा मोठ्यांचा होतो असं कोणीतरी ठरवलं असावं. मध्यंतरानंतर सगळी बिऱ्हाडं गच्चीवर जमून आपापलं दुःख रांगेने सांगू लागली, तेव्हा खाली खुर्च्या करकरू लागल्या. ऑपरेटरने घड्याळ पाहिलं. आवडत्या सिनेमाला तो घड्याळ पाहत नसे.

शेवटची दोन मिनिटं उरली. बटण दाबायचं, एवढंच काम होतं. दाबलं तर रस्त्यावर थांबलेले लोक त्याच्या शब्दावर तिकीट काढणार. नाही दाबलं तर साऱ्या गावादेखत आपल्याच मुलीला नापास करायचं. दिवे लागले. त्याने कॅसेट बाहेर काढली, बासरीची घातली आणि मग खाली पाहिलं नाही.

पाच मिनिटांनी मुलगी वर आली. त्याच्या मागच्या स्टुलावर बसली.

‘आई रडतेय,’ ती म्हणाली.

‘रडणारच.’

‘मावशी तिला समजावतेय. त्यामुळे जास्त रडतेय.’

ऑपरेटरला हसू आलं, पण ते त्याने गिळलं. ‘तुझे जिने चांगले होते,’ तो म्हणाला. ‘फार चांगले होते.’

‘मी जिन्यांचं विचारलंय का?’

इतक्यात डोअरकीपर धापा टाकत दारात आला. ‘काही काळजी करू नका,’ तो म्हणाला. ‘मी खाली सांगून टाकलंय, सुट्टीची टेप आज तुटली म्हणून. लोकांना पटलंय. सलूनवाला तर म्हणाला, तरीच! सहाच्या खेळाला चांगली गर्दी होणार बघा.’

ऑपरेटरने कॅसेटकडे पाहिलं. काहीच करायचं नव्हतं. गप्प बसलं की झालं, आणि गप्प बसायची त्याला जन्माची सवय होती. बायको जेवली असती, मेहुणी सुधारली नसती तरी गप्प झाली असती. तो गप्प बसला.

‘टेप धडधाकट आहे, काका,’ मुलगी म्हणाली. ‘सिनेमाच तसा निघालाय.’

डोअरकीपर बापाकडे पाहू लागला.

‘असं खाली सांगू?’

‘सांगा,’ ऑपरेटर म्हणाला. त्याने सुट्टीची कॅसेट तिच्या डबीत ठेवून दिली.

डोअरकीपर मान हलवत जिना उतरला. मुलीने पिशवीतून वही काढली.

‘बासरी तर ऐकली,’ ती म्हणाली. ‘आता का ते सांगा. पुढच्या महिन्यात आमचा दुसरा सिनेमा सुरू होतोय, आणि तिथे मला कोणी खरं सांगत नाही. कुठे कंटाळा आला?’

असं त्याला सव्वीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. सुरुवात कुठून करावी ते त्याला कळेना. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

‘ती म्हातारी,’ तो म्हणाला, ‘जिन्यात बसते ना, तिथपर्यंत ठीक होतं. ती काही बोललीच नसती तर...’

मुलगी लिहू लागली.