उत्तर देणारा काळा पडदा
पहिला अर्ज चैत्रात तलाठ्यांकडे, दुसरा आषाढात मंडळ अधिकाऱ्यांकडे, तिसरा मार्गशीर्षात तहसील कचेरीत. आमच्या शेताचा पांदण रस्ता इतकी वर्षे अडलेला राहिल्याबद्दल मी या तिघांना जबाबदार धरतो. काल तहसील कचेरीतच दिलेल्या चौथ्या अर्जाच्या पोचेवर शिक्का उमटला आणि त्या जांभळ्या शाईच्या वासाने काही वर्षांपूर्वीचा दुसऱ्या अर्जाचा दिवस आठवला. तो देऊन मी आणि धाकटी मुलगी चुडावा स्थानकाच्या बाकावर गाडीची वाट पाहत होतो. पायाखाली पिकल्या निंबोळ्या चिरडत होत्या. लॅपटॉप नसल्याने ती मोबाइलवरच लिनक्स ही संगणक प्रणाली शिकत असे. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकावी आणि लगेच खाली उत्तर यावे, हे पाहून मी फोन मागितला व सवयीने लिहिले, 'माननीय महोदय, सविनय विनंती की पांदण मोकळी करावी.' क्षणात इंग्रजीत एक ओळ उमटली. मुलगी पोट धरून हसली. "बाबा, त्याला अर्ज कशाला करायलाव? अशी कमांड सापडत न्हाई म्हणायलाय त्यो." "पण लगेच म्हणाला ना?" "लगेच." "मग कचेरीपेक्षा हा बरा." "मग ह्यालाच तहसीलदार करा की!" आज ती दूरच्या शहरात नोकरी करते, त्या बाकावर मी एकटा बसतो आणि आमची बैलगाडी अजूनही तीन कोस वळसा घालून शेतात जाते. पांदण कधी उघडणार, याचे उत्तर तहसीलदारांनी येत्या ग्रामसभेत सर्वांसमक्ष द्यावे. ते 'सापडत नाही' एवढेच असले, तरी उभे राहून, मोठ्याने द्यावे.